आधी जाळं बघ, मग कोळी

आंबोलीला निघालीस ना पोरी, मग ऐक. अनोळखी कोळी दिसला की लगेच जवळ धावू नकोस. तो पानाआड जाईल आणि तुझ्यापाशी उरेल ‘काळा होता, मोठा होता’ एवढंच. रंगावर तर भिस्त ठेवूच नकोस. एकाच जातीचे नर-मादीसुद्धा परके वाटावेत इतके निराळे असतात. दोन झाडांमध्ये सोनेरी झाक असलेलं भलंमोठं जाळं दिसेल, त्यात चार-पाच सेंटिमीटर अंगाची मादी. तिच्या आसपास नीट शोध. तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस जीव दिसला तर तो तिचा नर.

जाळं असेल तर निम्मं काम झालं. गोल जाळ्यात जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली म्हणजे सिग्नेचर स्पायडर. गवतात दव पडलेली चादर आणि तिच्या कडेला नरसाळ्यासारखं भोक दिसलं, तर धनी त्या भोकाच्या तोंडाशी बसलेला असतो. जाळं उठून दिसावं म्हणून पीठ किंवा पावडर फुंकायची खोड काहींना आहे. तू ते करू नकोस, त्याची रात्रभराची मेहनत वाया जाते. पहाटे लवकर जा, दव तेच काम करतं.

जाळं नसेल तर डोळे बघ. कोळ्याचं कूळ डोळ्यांच्या मांडणीवरून कळतं. समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे असले तर तो उडी मारणारा. रात्री विजेरी कपाळाशी धरून गवतावर फिरव. हिरवट ठिणग्या चमकल्या तर बहुधा लांडगा कोळी. त्याची मादी अंड्यांची पिशवी पाठीमागे बुडाला चिकटवून फिरते. तीच पिशवी तोंडात धरलेली दिसली, तर कूळ वेगळं.

मुंगी वाटली तरी पाय मोज. पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून चालणारे कोळी आहेत. धाग्याला लोंबकळली की ती मुंगी नव्हे.

दरडीत रेशमी अस्तराचं बीळ दिसलं तर काडी घालू नकोस. आत टॅरँटुला असू शकतो.

तोंडाशी दोन आखूड हात असतात. त्यांची टोकं फुगलेली असली तर तो वयात आलेला नर. हे नक्की टिपून ठेव, कारण जात ठरते ती बहुतेकदा सूक्ष्मदर्शकाखाली, जननेंद्रियांच्या ठेवणीवरून. ठाण्यात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला अभ्यासकांनी 26/11 चे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. मला त्याचा फार अभिमान वाटतो. पण नुसत्या फोटोवरून तसाच एखादा बघून ‘हाच तो’ म्हणायची घाई नको. कुळापर्यंत पोचलीस तरी पुष्कळ.

वेळ, झाड आणि जमिनीपासूनची उंची वहीत लिही. फोटो वरून घे, जमलं तर पोटाकडूनही. आणि एक तरी समोरून आण. मी चष्मा पुसून ठेवतो, आपण डोळे मोजू.