पावसाळ्यातली सर्दी आणि आपली घाई

मावळातल्या आईबाबांनो, जून सरला की कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "सारखं आजारी पडतंय हो, काहीतरी ताकदीचं द्या." दुकानदारही मागे वळून फळीवरची रंगीत बाटली काढून देतो. ती बाटली घरी नेण्याआधी थोडं बोलू या.

अंगणवाडीत, बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडे त्यातल्या बऱ्याचशा पावसाळ्यात एकापाठोपाठ येतात, म्हणून ते पोर कायमच आजारी वाटतं. दोन सर्दींच्या मधे ते हुंदडतंय, वजन वाढतंय, तर त्याचं शरीर नवे विषाणू ओळखायला शिकतंय एवढंच. शिवाय प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असंही नसतं. धुळीवर, परागकणांवर ती उगाच तुटून पडली की ॲलर्जी आणि दमा होतो. स्वतःच्याच पेशींवर उलटली की लहान वयातला, इन्सुलिन लागणारा मधुमेह. तिचा तोल राखायचा असतो, आणि तो घरातल्या साध्या सवयींवर राहतो.

त्यातली सगळ्यात दुर्लक्षित सवय झोपेची. शनिवार-रविवारी आपल्या भागाचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. कुणाचा भुशी डॅमच्या वाटेवर भज्यांचा-कणसांचा गाडा, कुणाचा होमस्टे, कुणी बंगला सांभाळतं. पर्यटक रात्री उशिरापर्यंत जागे, म्हणून आईबाप जागे, आणि मग पोरंही मोबाइल घेऊन जागी. सोमवारी तेच मूल पेंगत शाळेत जातं. २०१५ साली अमेरिकेत १६४ निरोगी प्रौढांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून एक अभ्यास झाला. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. ही मोठ्यांची गत. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला तर नऊ ते बारा तास झोप लागते. धंदा बुडवा असं मी म्हणणार नाही, पण घरातल्या एका मोठ्या माणसानं शनिवारी रात्रीही पोरांना वेळेवर अंथरुणात घालावं. आजी असेल तर हे काम तिच्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या ताटात दोष फारसा नाही, प्रमाणात आहे. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी आपला अभिमान, पण ताटात भाताचा डोंगर आणि वरून चमचाभर वरण, असं चालत नाही. रोगाशी लढणारी प्रतिपिंडं प्रथिनांचीच बनतात. डाळ घट्ट करा, मोडाची उसळ करा, परवडलं तर अंडं द्या. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू येतात, तेव्हा पोरांना रानभाजीची चव लावा. चिक्कीतला शेंगदाणा चांगलाच, पण गूळही साखरच. एखादी वडी पुरे.

घरातली ओल आणि धूर यांच्याकडे मात्र डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे आठवडा-आठवडा ऊन पडत नाही, भिंतींना बुरशी धरते, कपडे घरातच वाळतात, आणि दारं-खिडक्या लावून कॉइल पेटते. चुलीचा धूर, कुणाची विडी, हेही त्यातच. मुलाचा खोकला जात नसेल तर औषध बदलण्याआधी खोली बदलून बघा. पाऊस उघडला की खिडक्या सताड उघडा, कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा.

लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे. स्वामी कुवलयानंदांनी योगाला प्रयोगशाळेत नेलं ते इथेच. पोरांबरोबर तुम्हीही रोज थोडी आसनं करा. अंग मोकळं होतं, झोप चांगली लागते. मात्र प्राणायाम केला म्हणून लस टाळता येत नाही.

शरीराला रोगाची ओळख आधीच करून देते ती लस, आणि सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट मिळते. दीड वर्षाचा डोस बहुतेकजण घेतात, पाचव्या वर्षाचा बूस्टर आणि दहाव्या-सोळाव्या वर्षाची धनुर्वात-घटसर्पाची लस मात्र राहून जाते. शाळेत मिळणारी जंताची गोळीही चुकवू नका.

साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. विषाणूंवर ते चालत नाही. पण श्वास भरभर चालला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, मूल पाणीही पिईना किंवा ग्लानीत गेलं, तर काढा उकळत बसू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी पाऊस थांबायची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.