विमानाचा आवाज मोजताना

वर्ध्यात विमानतळ नाही. पण पाऊणशे किलोमीटरवर नागपूरचे सोनेगाव आहे, आणि तिथल्या रात्रीच्या विमानांना जुना इतिहास आहे: १९४९पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपालाची विमाने मध्यरात्री तिथेच भेटत. मी वर्ध्यात भौतिकशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन दोन्हीकडचा आवाज मोजतो. त्यातून शिकलो ते असे.

१. आधी शांतता मोजा. वर्ध्याजवळच्या सेलूच्या शिवारातली रात्र मुळात किती डेसिबलची, हे ठाऊक नसेल तर विमानाने किती भर घातली ते सांगता येत नाही. पावसाळ्यात रातकिडेच आकडा चढवतात, म्हणून त्याच जागी हिवाळ्यातही मोजावे.

२. मोजण्याआधी आणि नंतर मीटर कॅलिब्रेटरच्या ९४ डेसिबलच्या स्वरावर तपासावा. माइकवर फोमचा गोळा हवा, जवळ भिंत नको. वारा जोराचा असेल तर घरी परतावे.

३. ऋतू लिहून ठेवा. मे महिन्याच्या दुपारी तापलेली जमीन धावपट्टीवरच्या इंजिनाचा आवाज वर वळवते. डिसेंबरच्या रात्री गार हवा जमिनीलगत बसते, तेव्हा तोच आवाज खाली वाकून लांबच्या वस्तीत पोचतो.

४. नुसत्या सरासरीवर विसंबू नका. हे मी विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घेतो. रात्र म्हणजे दहा ते सहा, आठ तास. त्यात एकच विमान ३० सेकंद ८० डेसिबलने गेले आणि बाकी सारे निःशब्द राहिले, तर रात्रीची सरासरी येते सुमारे ५०. अशी दहा विमाने गेली तर ६०. २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेत वर्षाला ५० हजारांहून कमी उड्डाणे-अवतरणे असलेल्या विमानतळांच्या परिसरासाठी रात्रीची मर्यादा ६० आहे. एरवी निवासी भागाला ती ४५. म्हणजे सोनेगाव विमानतळालगतच्या शिवणगावातले तान्हे मूल रात्रीतून दहादा दचकून उठले, तरी कागदावर सगळे नियमात! जागतिक आरोग्य संघटना विमानांसाठी रात्री ४०ची शिफारस करते. माझा आग्रह आहे की अहवालात सरासरीशेजारी विमानांची संख्या आणि प्रत्येकाचा सर्वोच्च आकडा आलाच पाहिजे.

५. मीटरजवळ माणूस बसवा. सेवाग्राम स्टेशनालगत मालगाडीचा भोंगा आणि विमान यंत्राला सारखेच. वहीत वेळेपुढे ‘विमान’, ‘गाडी’, ‘कुत्री’ असे तिथल्या तिथे लिहावे. सकाळी आठवून लिहिलेली नोंद मी स्वीकारत नाही.