हातचा राखणारें यंत्र

बेरजेंत विद्यार्थी बहुधा हातचा विसरतात. तें काम चाकांकडून करवून घ्यावें, म्हणून पास्कल यानें १६४२ सालीं आपल्या कर-अधिकारी पित्यासाठीं गणनयंत्र योजिलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत ओड्नर याच्या यंत्रानें मूठ सुलट फिरवून बेरीज व उलट फिरवून वजाबाकी होऊं लागली. २३ ला १४ नें गुणावयाचें असल्यास २३ मांडून मूठ चार वेळां फिरवावी, गाडा एक घर सरकवावा व मूठ पुनः एकदां फिरवावी, उत्तर ३२२.

पुण्याच्या जुन्या बाजारांत असें यंत्र आढळल्यास तें भंगाराच्या भावानें जोखूं नये, अशी पालकांस आमची विनंति आहे. सर्व भाग मूळचे आहेत काय, हें पाहावें. मग ९९९ मध्यें १ मिळवावा. हातचा घरोघर पोंचून १००० उमटले, तर यंत्र मोलाचें समजावें.

मूठ अडल्यास जोर करूं नये; बहुधा जुनें तेल चिकटलेलें असतें. तें पुसून पातळ तेलाचा थेंब द्यावा व धीर धरावा. मोडलेला दांता पुनः मिळणें कठीण. मूळ रंग व झिजलेली मूठ आम्ही तशीच राखतों. अज्ञात कारकुनांच्या श्रमांची तेवढीच नोंद त्यावर उरलेली असते.