हवाईछत्री, उत्तर ध्रुव आणि जळगावचा मे महिना

जळगावची मे महिन्यातील दुपार तुम्हांला नव्याने सांगायला नको. पारा ४५ अंश सेल्सिअसला टेकलेला, डांबर मऊ झालेले आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. समजा, अशा दुपारी एखादा मनुष्य विमानातून उडी मारून हवाईछत्रीने आपल्या गावाबाहेरच्या माळावर उतरला. थंडीतील पहाटेच्या मानाने तो जमिनीवर जोरात आदळेल की हळू?

हा प्रश्न मी वर्गात विचारला तेव्हा बहुतेकांनी 'हळू' असे उत्तर दिले. गरम हवा वर जाते, म्हणून ती छत्रीला वर ढकलील, असे त्यांचे म्हणणे. उत्तर चुकले, पण त्यामागचा विचार अगदीच टाकाऊ नाही. त्याच्याकडे आपण शेवटी वळू.

आधी एक खरी उडी पाहा. पुण्याची शीतल महाजन ही तरुणी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर हवाईछत्रीने उतरली. रशियन हेलिकॉप्टरमधून सुमारे २४०० फुटांवरून तिने उडी घेतली, तेव्हा तापमान उणे ३७ अंश होते. विशेष म्हणजे ती तिच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. पुढे २००६ साली ती दक्षिण ध्रुवावरही उतरली आणि २०११ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. तिच्या धाडसाचे कौतुक करावे तेवढे थोडे. मात्र सरावाच्या उडीशिवाय थेट ध्रुव गाठणे ही काही शिकण्याची रीत नव्हे, हेही येथेच सांगून टाकतो.

आता थोडे गणित. हवेची घनता काढण्यासाठी दाबाला निरपेक्ष तापमानाने आणि हवेच्या वायू-स्थिरांकाने (२८७) भागायचे. ध्रुवावर दाब १,०१,३०० पास्कल आणि तापमान २३६ केल्व्हिन धरले तर घनता येते सुमारे १.५० किलोग्रॅम प्रतिघनमीटर. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे. उन्हाळ्यात तेथे दाब ९८,००० पास्कल आणि तापमान ३१८ केल्व्हिन धरू. घनता येते १.०७. म्हणजे ध्रुवावरची हवा आपल्या हवेच्या जवळजवळ १.४ पट दाट.

हवेचा रोध घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. छत्री स्थिर वेगाने उतरत असते तेव्हा रोध वजनाएवढा झालेला असतो. वजन तर दोन्ही ठिकाणी तेच (ध्रुवावरचे गुरुत्व किंचित जास्त असते, ते सोडून देऊ). तेव्हा घनता कमी झाली की तेवढाच रोध मिळवायला वेग वाढावा लागणार, आणि तो घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढणार. १.४ चे वर्गमूळ १.१८. एखादी गोल छत्री ध्रुवावर सेकंदाला ५ मीटर वेगाने उतरवत असेल, तर तीच छत्री, तोच माणूस, जळगावच्या दुपारी सेकंदाला ५.९ मीटर वेगाने उतरेल.

फरक किरकोळ वाटतो ना? मग याच वेगांचे 'किती उंचीवरून मारलेली उडी' असे रूपांतर करा. वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागले की उंची मिळते. ५ मीटरला १.२८ मीटर, म्हणजे घराच्या उंच ओट्यावरून उडी. ५.९ मीटरला १.७८ मीटर, म्हणजे पुरुषभर उंच भिंतीवरून उडी. पहिलीत फारसे काही होत नाही. दुसरीत पाय नीट न जुळवता टेकला तर घोटा मोडू शकतो. छत्रीधारी सैनिकांना पाय जोडून, गुडघे किंचित वाकवून, अंग कुशीवर घोळवत पडायला शिकवतात ते यासाठीच. आदळण्याची ऊर्जा तेवढीच राहते, पण थांबायला अंतर आणि वेळ जास्त मिळाल्याने हाडांवरचे बल कमी होते.

छत्री उघडण्यापूर्वी काय घडते? माणूस सामानासह ८० किलोग्रॅमचा आणि पोट खाली करून हातपाय पसरलेला असला, तर १२ सेकंदांच्या आसपास त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५५ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटर होतो आणि तेथे स्थिरावतो. हा त्याचा सीमांत वेग. आता ५५ वरून ६ वर यायचे आहे. छत्री ०.३ सेकंदात फटकन उघडली तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या सोळा-सतरा पट होईल. पट्टे तुटतील किंवा बरगड्या. तीन सेकंद घेऊन उघडली तर ते दोन पटींच्याही आत राहील. हा विलंब घडवून आणणारी वस्तू पाहून मला नेहमी गंमत वाटते. तो असतो निव्वळ कापडाचा एक चौकोनी तुकडा. त्याच्या चार कोपऱ्यांवर कड्या असतात आणि छत्रीच्या दोऱ्या त्यांतून ओवलेल्या असतात. सुरुवातीला वेग प्रचंड, म्हणून हवा या तुकड्याला वरच दाबून धरते आणि दोऱ्या एकत्र राहून छत्रीला फुलू देत नाहीत. वेग उतरला की तुकड्यावरचा दाब घटतो, पसरणारी छत्री दोऱ्या फाकवते आणि तुकडा सरकत खाली येतो. ज्या वेगाचे भय, त्याच वेगाला राखणीला बसवले आहे!

आता मी हे सारे का काढले ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी कॉलेजात असताना राष्ट्रीय छात्रसेनेतर्फे आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये गेला होता आणि पाच उड्या मारून आला होता. तेव्हा तो साठ किलोचा काटकुळा पोरगा. पंधरा वर्षांनी, परदेशातील नोकरीतून सुट्टीवर आलेला, तो धुळ्याला माझ्याकडे आला. वजन ८५ किलो. म्हणाला, "सर, तिथे पुन्हा सुरू करतोय. एकाने जुनी छत्री स्वस्तात देऊ केली आहे, दीडशे चौरस फुटांची. घेऊ का? सायकल एकदा आली की थोडीच विसरते?"

मी त्याला कागद-पेन्सिल दिली.

हल्लीच्या खेळाच्या छत्र्या गोल नसतात. डोमिना जाल्बर्ट या संशोधकाने १९६४ च्या सुमारास कल्पिलेल्या रचनेप्रमाणे त्या शेजारी शेजारी शिवलेल्या नळकांड्यांच्या असतात. पुढच्या उघड्या तोंडांतून हवा शिरते, कापड फुगून विमानाच्या पंखाचा आकार घेते आणि छत्री तरंगत पुढे जाते. अशा पंखाबाबत मुख्य प्रश्न एकच, दर चौरस मीटरला भार किती? ८५ किलोचा माणूस आणि १३ किलोचे सामान, एकूण ९८. दीडशे चौरस फूट म्हणजे १३.९ चौरस मीटर. भार ७ किलोग्रॅम. त्याऐवजी २४० चौरस फुटांची, म्हणजे २२.३ चौरस मीटरची छत्री घेतली तर भार ४.४. दोहोंचे गुणोत्तर १.६. येथेही वर्गमुळाचाच नियम, तेव्हा लहान छत्री सुमारे २६ टक्के अधिक वेगाने उडेल आणि जमिनीला भिडताना ऊर्जा ६० टक्के जास्त असेल.

एवढ्यावर भागत नाही. छत्रीखाली लोंबणारा माणूस हा एक लंबक आहे. लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड, म्हणून झोका जलद. एका बाजूची दोरी ओढताच ती झटकन वळते. वळताना पंख कलतो, त्याच्या उत्थापक बलाचा उभा घटक कमी पडतो आणि छत्री खाली सूर मारते. हजार मीटर उंचीवर ही मौज असते. जमिनीपासून वीस-तीस मीटरवर, विजेची तार चुकवण्यासाठी घाबरून ओढलेली दोरी मात्र जिवावर बेतते. अनुभवी लोकांचे कित्येक प्राणघातक अपघात छत्री न उघडल्याने नव्हे, तर नीट उघडलेल्या छत्रीखाली असे होतात, ही गोष्ट सामान्य वाचकाला ठाऊक नसते.

आणि सायकलचे काय? आग्र्याला त्याने कधी स्वतः छत्री उघडलीच नव्हती. विमानाला अडकवलेली दोरी ती उघडत असे आणि गोल छत्री बहुतांशी वाऱ्याच्या मर्जीने उतरत असे. म्हणजे त्याला येत होती ती सायकल आणि आता बसणार होता मोटारसायकलवर. शिवाय सायकल विसरलात तर गुडघा फुटतो. इथे ९०० मीटरवर छत्री काढली आणि ती गुंतली, तर सीमांत वेगाने जमीन १६ सेकंदांवर असते. तेवढ्यात वर पाहायचे, बिघाड ओळखायचा, मुख्य छत्री सोडून द्यायची आणि राखीव छत्री उघडायची. हा क्रम विचार करून आठवायचा नसतो, हातांत मुरलेला असावा लागतो. म्हणून जमिनीवर पट्ट्यांत लोंबकळत त्याची पुन्हा पुन्हा तालीम करतात. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेची तर अशी शिफारस आहे की, पहिल्या पायरीचा परवानाधारक ६० दिवस उडीविना राहिला, तरी त्याने पुढची उडी शिक्षकाच्या देखरेखीखाली मारावी. साठ दिवस! आमचे चिरंजीव पंधरा वर्षांनी येत होते.

गुंतलेली छत्री सोडून द्यायची युक्तीही पाहण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात बिल बूथ या अमेरिकी गृहस्थाने एकात एक अडकवलेल्या लहान लहान होत जाणाऱ्या तीन कड्यांची जोडणी काढली. प्रत्येक कडे तरफेचे काम करते. माणसाचा सगळा भार मोठ्या कड्यावर, आणि शेवटच्या बारीक दोऱ्यावर त्याचा अगदी अल्प अंश. त्यामुळे एका हाताच्या ओढीने सगळे सुटते. नववीतील तरफ कुठे उपयोगी पडते म्हणून विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

स्वस्तातली जुनी छत्री घेताना कापडही तपासावे लागते. नायलॉनला सूर्यातील अतिनील किरण खातात. गच्चीवर वाळत पडलेली छत्री वरून धडधाकट दिसली तरी आतून कमजोर झालेली असते. सरकत्या तुकड्याच्या घर्षणाने तापून काही प्रकारच्या दोऱ्या आखडतात, त्याही सारख्या नाहीत, आणि मग पंखाचा आकार बिघडतो. राखीव छत्री कधी घडी घातली होती याची नोंद मागावी. अमेरिकेत ती दर १८० दिवसांनी जाणत्या कारागिराने उघडून पुन्हा घडी घालावी असा नियम आहे.

"पण त्याच्याबरोबर आपोआप उघडणारे यंत्र आहे, सर," तो म्हणाला. ते यंत्र म्हणजे हवेचा दाब मोजून उंची व वेग काढणारा लहानसा संगणक. १९९१ पासून मिळू लागलेल्या सायप्रेस या जर्मन यंत्राच्या नेहमीच्या प्रकारात, जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर वेग सेकंदाला ३५ मीटरहून अधिक असेल तर राखीव छत्री आपोआप उघडली जाते. बेशुद्ध पडलेल्या किंवा भान हरपलेल्या कित्येकांना अशा यंत्राने वाचवले आहे. पण उघड्या लहान छत्रीखाली चुकीचे वळण घेणाऱ्याचा वेग सहसा ३५ मीटरपर्यंत पोचतच नाही. तेथे यंत्र गप्प बसणार. दुसरे, त्याला जमीन दिसत नाही, फक्त दाब कळतो. धुळ्याच्या धावपट्टीवर शून्य लावून विमान उडाले आणि माणूस तोरणमाळच्या पठारावर उतरू लागला, तर पठार धुळ्याहून साडेआठशे मीटरच्या आसपास उंच; यंत्राच्या हिशोबाने जमीन अजून खूप खाली असेल. अशा वेळी फरक आधी भरावा लागतो.

कपड्यांचेही भान हवे. शीतल महाजन यांनी १२ फेब्रुवारी २०१८ रोजी थायलंडमधील पटाया येथे नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी घेतली. छायाचित्रे सुरेख आहेत. पण त्यांच्या पाठीशी शेकडो उड्या होत्या. आठ मीटर कापडाचा सुटा पदर ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात मुठीवर किंवा दोऱ्यांत कोठे जाईल, याचा अंदाज नवख्याला येणे शक्य नाही.

माझ्या विद्यार्थ्याने ती छत्री घेतली नाही. पहिले वर्षभर क्लबची २६० चौरस फुटांची भाड्याने वापरली आणि पहिल्या उडीपासून सगळे शिक्षण नव्याने केले. "कंटाळा आला, सर," असे त्याने फोनवर सांगितले. मला बरे वाटले.

आता वर्गातल्या त्या 'हळू'कडे. तापलेल्या काळ्या मातीवरून गरम हवेचे लोट वर चढतात हे खरेच. पण वर चढणाऱ्या लोटाशेजारी खाली येणारी हवाही असते आणि खानदेशातील उघड्या शेतात दुपारी वावटळ किती पटकन उठते हे तुम्ही पाहिलेले आहे. कापडी पंख अशा हवेत सापडला की एक बाजू उचलली जाते, दुसरी कोसळते. उन्हाळ्यात आपल्याकडे कोणी उडी मारायची म्हटली, तर ती सकाळी लवकर, हवा दाट आणि शांत असतानाच मारावी.

वर्गमुळाचा नियम मात्र तुम्ही शाळेतच पडताळू शकता. लग्नाच्या पंगतीत वापरतात तसले पाच सारखे कागदी द्रोण आणा. वारा नसलेल्या जागी, जिन्याच्या चौकात, एक द्रोण तळ खाली ठेवून ३ मीटरवरून सोडा आणि चार द्रोण एकात एक बसवून ६ मीटरवरून. एका शिट्टीवर दोघांनी दोन्ही सोडावेत. वरच्याने कठड्यावर ओणवे होऊ नये. वजन चौपट, म्हणून वेग दुप्पट, आणि दोन्ही जवळजवळ एकदमच खाली यायला हवेत. चार द्रोण थोडे मागे पडतील. त्यांना सीमांत वेग गाठायला जास्त अंतर लागते. दोन द्रोणांसाठी ३ मीटरऐवजी किती उंची घ्यावी लागेल, ते आधी वहीत काढा आणि मग सोडून पाहा.