कंपनी, वृत्तपत्रे आणि लोकविश्वास

वृत्तपत्रात एखाद्या कंपनीचे नाव दोन मार्गांनी छापून येते. पहिला मार्ग जाहिरातीचा. जागेचे दर ठरलेले असतात. कंपनी पैसे भरते आणि तिला हवा तो मजकूर, हव्या त्या दिवशी, हव्या त्या आकारात छापला जातो. दुसरा मार्ग बातमीचा. येथे कंपनीने पैसे दिलेले नसतात आणि मजकुरावर तिचा अधिकारही चालत नाही. काय छापायचे, किती छापायचे, किंबहुना छापायचे की नाही, हे संपादक ठरवतो. वाचकाला हा भेद चांगला कळतो. जाहिरातीकडे तो दुकानदाराचे बोलणे म्हणून पाहतो, बातमीकडे त्रयस्थाची साक्ष म्हणून. त्यामुळे बातमीतून मिळणाऱ्या प्रसिद्धीला ‘अर्जित प्रसिद्धी’ असे म्हणता येईल. ती कशी मिळते आणि कशाने मिळत नाही, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

आरंभीचा धडा

आधुनिक जनसंपर्काच्या इतिहासात १९०६ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. अमेरिकेत त्या काळी रेल्वेचा अपघात झाला की वार्ताहरांना दूर ठेवण्याची रीत होती. आयव्ही ली हे पूर्वाश्रमीचे पत्रकार पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीचे काम पाहू लागले, तेव्हा त्यांनी ही रीत मोडली. अपघातस्थळी जाण्याची सोय कंपनीनेच वार्ताहरांना करून दिली आणि उपलब्ध माहिती स्वतःहून पुरवली. त्याच वर्षी त्यांनी वृत्तपत्रांना उद्देशून आपल्या कामाची तत्त्वेही जाहीर केली. आपले काम उघडपणे चालेल, दिलेली माहिती अचूक असेल आणि एखादा मजकूर जाहिरातीच्या जागी शोभणारा वाटला तर संपादकांनी तो वापरू नये, असा त्यांचा आशय होता.

परंतु ली यांच्याच आयुष्यात या तत्त्वांची कसोटी लागली. १९१४ साली कोलोराडो राज्यातील लडलो येथे खाणकामगारांच्या संपात गोळीबार आणि आग यांत स्त्रिया व मुले मृत्युमुखी पडली. त्यानंतर खाणमालकांच्या वतीने ली यांनी जी पत्रके काढली, त्यांतील काही माहिती चुकीची निघाली. मालकांनी दिलेली माहिती आपण पडताळून पाहिली नव्हती, हे त्यांना चौकशी आयोगापुढे मान्य करावे लागले. दार उघडणे ही जनसंपर्काची पहिली पायरी असली, तरी दारातून बाहेर येणारी माहिती खरी असल्यावाचून त्या उघडेपणाला मोल येत नाही, हे या दोन प्रसंगांवरून ध्यानात येते.

मयूर विहारजवळचा पूल

हीच गोष्ट दिल्लीच्या यमुनापार भागातील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. मयूर विहार ही दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेली वसाहत. नोकरीनिमित्त नदी ओलांडणाऱ्या हजारो कुटुंबांची ही वस्ती. तेथील ‘समाचार अपार्टमेंट्स’ या गृहसंकुलाचे नाव पत्रकारांच्या वास्तव्याची खूण सांगते. दिल्ली आणि नोएडा यांना थेट जोडणारा आठपदरी ‘डीएनडी’ मार्ग या वसाहतीजवळून जातो. नोएडा प्राधिकरण, आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था आणि नोएडा टोल ब्रिज कंपनी यांच्यात १९९७ साली करार झाला. २००१ साली मार्ग खुला झाला आणि पुढे २००८ साली मयूर विहारचा जोडरस्ताही त्याला मिळाला.

खासगी भांडवलातून सार्वजनिक सोय कशी उभारता येते, याचा नमुना म्हणून आरंभी या मार्गाचे कौतुक झाले. प्रवासाचा वेळ वाचत होता आणि रस्ता चांगला होता. अशी प्रसिद्धी जाहिरातीने मिळत नाही, ती कामातून येते. परंतु वर्षे जात गेली तसा वाहनचालकांच्या मनात एक साधा प्रश्न उभा राहिला. पुलाचा खर्च किती, त्यातला वसूल किती झाला आणि पथकर संपणार कधी?

या प्रश्नाचे उत्तर करारातील सूत्रात होते. कंपनीला प्रकल्पाच्या एकूण खर्चावर दरवर्षी २० टक्के परतावा मिळावा आणि एखाद्या वर्षी तो पूर्ण न मिळाल्यास राहिलेली रक्कम एकूण खर्चात मिळवावी, अशी ती तरतूद होती. समजुतीसाठी खर्च १०० रुपये धरू. पहिल्या वर्षीचा परतावा २० रुपये, पण हाती आले १२. तर उरलेले ८ रुपये खर्चात मिळून तो १०८ होतो. दुसऱ्या वर्षी परतावा १०८ रुपयांवर, म्हणजे २१ रुपये ६० पैसे मोजावा लागतो. अशा रीतीने लोक पैसे भरत राहतात आणि वसूल करावयाची रक्कम मात्र वाढत जाते. त्यात भर म्हणजे, ३० वर्षांच्या मुदतीत वसुली पूर्ण न झाल्यास मुदत वाढवण्याचीही सोय करारात होती.

नोएडातील रहिवासी संघटनांच्या महासंघाने २०१२ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने पथकराची वसुली थांबवली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे वसुली पुन्हा सुरू करण्यास परवानगी मिळाली नाही, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी अपीलही फेटाळले गेले. प्रकल्पाचा खर्च व भरपूर नफा वसूल झालेला असून वसुली चालू ठेवण्यास कारण उरलेले नाही, तसेच खुल्या निविदा न मागवता दिलेले हे काम आणि त्याचा करार अन्याय्य आहे, असे न्यायालयाने म्हटले.

जनसंपर्काच्या अभ्यासकाने येथे एक प्रश्न विचारावा. कुशल प्रसिद्धी अधिकारी नेमून या कंपनीला लोकांचा विश्वास टिकवता आला असता काय? याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी द्यावे लागेल. जो हिशेब सामान्य माणसाला समजावून सांगितल्यावर त्याचा राग कमी होण्याऐवजी वाढतो, त्या हिशेबातच दोष असतो. अशा वेळी जनसंपर्क अधिकाऱ्याचे खरे कर्तव्य वार्ताहरांकडे जाण्याचे नसून संचालकांकडे जाण्याचे आहे. लोक काय विचारत आहेत आणि आपल्यापाशी त्याचे पटणारे उत्तर का नाही, हे त्याने त्यांना वेळीच सांगितले पाहिजे.

दुरुस्ती आणि बातमी

याच्या उलट बाजूचे उदाहरण महाराष्ट्रात सापडते. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत कॅडबरी कंपनीच्या चॉकलेटांत अळ्या आढळल्याच्या तक्रारी आल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी सुरू केली आणि बातमी देशभर पसरली. दुकानांतील साठवण योग्य नसल्याने असे घडते, अशी कंपनीची पहिली भूमिका होती. ती तांत्रिकदृष्ट्या कितीही खरी असली, तरी लोकांच्या मनाला पटणारी नव्हती. दुकान कसेही असो, वेष्टनाने मालाचे रक्षण करावयास नको काय, असा प्रतिप्रश्न होणे स्वाभाविक होते. विक्री घसरली.

त्यानंतर कंपनीने मार्ग बदलला. ‘विश्वास’ नावाच्या मोहिमेतून विक्रेत्यांना साठवणीचे शिक्षण देण्यात आले आणि जानेवारी २००४ मध्ये अधिक घट्ट बंद होणारे नवे वेष्टन बाजारात आले. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती या बदलाबरोबर आल्या. पुढील काही महिन्यांत विक्री सावरली. पुष्कळदा या यशाचे श्रेय नटाच्या लोकप्रियतेला दिले जाते. परंतु सांगण्याजोगा बदल आधी झाला होता, हे विसरता कामा नये. जुन्याच वेष्टनाविषयी तीच ग्वाही दिली असती, तर पुढच्या एका तक्रारीने ती ग्वाही देणाऱ्याचीही पत गेली असती.

बातमीची विक्री

अर्जित प्रसिद्धी कष्टाने मिळते, म्हणून ती पैशाने मिळवण्याचा मोह काही कंपन्यांना होतो आणि काही वृत्तपत्रेही त्याला बळी पडतात. महाराष्ट्रात २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांकडून पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न गाजला. व्यापारी क्षेत्रात काही माध्यमसंस्था जाहिरातीच्या मोबदल्यात कंपन्यांचे समभाग घेऊ लागल्या. वृत्तपत्राचाच पैसा कंपनीत गुंतलेला असेल, तर त्या कंपनीविषयीची बातमी निःपक्षपाती कशी मानावी? गुंतवणूकदार यात फसू शकतो, हे ओळखून सेबीने हा विषय भारतीय वृत्तपत्र परिषदेपुढे मांडला आणि असे हितसंबंध बातमीसोबत उघड करण्याचा दंडक २०१० साली जाहीर झाला.

यात कंपनीचेही नुकसानच आहे. बातमी विश्वासार्ह असते ती विकत मिळत नाही म्हणून. ती विकली जाते असे वाचकाला एकदा कळले, की खरी बातमीही त्याला जाहिरातच वाटू लागते.

व्यवहारातील काही नियम

वरील उदाहरणांवरून काही व्यावहारिक नियम काढता येतात. प्रसिद्धिपत्रक काढण्यापूर्वी त्यात नवे व लोकांच्या उपयोगाचे काही आहे काय, हे पाहावे. नसेल तर जाहिरात द्यावी. प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहावा. संकटाच्या वेळी जे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, जे ठाऊक नाही ते कधीपर्यंत कळेल हे सांगावे आणि दोष इतरांवर ढकलण्याची घाई करू नये. प्रतिकूल बातमी देणाऱ्या वार्ताहरालाही अनुकूल बातमी देणाऱ्याइतकीच माहिती द्यावी. चूक छापली गेल्यास पुराव्यासह दुरुस्ती मागावी, जाहिराती बंद करण्याचा धाक घालू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, लोकांच्या तक्रारी नियमितपणे संचालकांपर्यंत पोचवाव्यात.

पुलावर पथकर भरणारी व्यक्ती बहुधा कंपनीचा वार्षिक अहवाल वाचत नाही. रांगेत उभी असताना ती आपल्यापुरता हिशेब करते, शेजाऱ्याला सांगते आणि त्या शेजाऱ्यांतच एखादा वार्ताहर असतो. तो हिशेब आणि कंपनीचा हिशेब जुळत असतील, तर जनसंपर्क अधिकाऱ्याचे काम सोपे होते. ते जुळत नसतील, तर त्याने आपल्या कामाचा आरंभ कंपनीच्या कार्यालयातूनच करावा.