पत : रॉबर्ट मॉरिस यांच्या चरित्राचा अभ्यास

मराठीत 'पत' या शब्दाला दोन अर्थ आहेत. बाजारात ती उधार मिळण्याची योग्यता, तर समाजात अब्रू. अमेरिकेतील व्यापारी व राजकारणी रॉबर्ट मॉरिस यांचे चरित्र या दोन्ही अर्थांनी अभ्यसनीय आहे.

१. उदय : मॉरिस यांचा जन्म १७३४ साली इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. बालवयातच ते अमेरिकेत आले व फिलाडेल्फियातील विलिंग यांच्या पेढीत काम शिकले. १७५७ साली ते थॉमस विलिंग यांचे भागीदार झाले. या पेढीने सागरी व्यापारात मोठे धन मिळविले. तिने गुलामांचाही व्यापार केला, हे विसरून चालणार नाही.

२. सेवा : १७७६ च्या जुलैत स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान झाले, तेव्हा मॉरिस दूर राहिले. ती वेळ अद्याप आली नाही, असे त्यांचे मत होते. तरी ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीरनाम्यावर सही केली. १७८१ मध्ये ते वित्त अधीक्षक झाले. राष्ट्राच्या कागदी चलनाला तेव्हा मोल उरले नव्हते. मॉरिस यांनी स्वतःच्या सहीच्या हुंड्या काढल्या आणि लोकांनी त्या स्वीकारल्या. यॉर्कटाउनच्या मोहिमेसाठी रसद व पैसा उभारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. १७८४ साली पद सोडताना या हुंड्या फेडण्याची हमी त्यांनी स्वतः घेतली. पुढे १७८९ ते १७९५ ते सेनेटर होते.

३. पतन : याच काळात त्यांनी उधारीवर लक्षावधी एकर जमीन घेतली. भाव वाढतील ही आशा फोल ठरली. कर व व्याज मात्र थांबले नाही. फिलाडेल्फियात त्यांनी आरंभिलेला संगमरवरी वाडा अपुराच राहिला. लूकच्या चौदाव्या अध्यायातील बुरुजाचा दाखला येथे वाचकांस आठवेल. फेब्रुवारी १७९८ मध्ये ते कर्जदारांच्या तुरुंगात गेले. त्याच वर्षी वॉशिंग्टन तेथे जाऊन त्यांना भेटले. १८०१ मध्ये सुटका झाली. १८०६ मध्ये ते निवर्तले.

४. बोध : सही एकच होती. पहिल्या वेळी तिच्यामागे इतरांची गरज व फेडीची तजवीज होती. दुसऱ्या वेळी केवळ वाढत्या भावाची आशा. लोक विश्वास ठेवतात म्हणून आपला हिशेब बरोबर आहे असे ठरत नाही. ज्याला सहज उधार मिळते, त्याने तो अधिक कसोशीने तपासावा.

चिंतनासाठी :
(अ) आपल्या शब्दावर कोण विसंबून आहे?
(आ) तो पाळण्याची तजवीज आपण केली आहे काय?