पशुधनाची रोगप्रतिकारक्षमता आणि प्रतिजैविकांचा वापर

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव आढळला. देशातील ही पहिलीच नोंद होती. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ मध्ये नवापुरात हे संकट पुन्हा आले. हा रोग विषाणुजन्य असल्याने प्रतिजैविके त्यावर निरुपयोगी ठरतात. तेथे स्वच्छता व दक्षता हाच उपाय.

गोठ्यात नित्य आढळणारे जिवाणुजन्य रोग मात्र निराळे आहेत. कासदाह, म्हणजेच शेतकऱ्यांच्या बोलीतील दगडी, हा त्यांपैकी प्रमुख होय. दुभत्या जनावरांना प्रतिजैविके टोचली जातात, ती बहुतांशी याच रोगासाठी. उपचार अर्धवट सोडल्यास जिवाणू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. शिवाय औषधाचा अंश दुधात उतरतो. माणसांसाठी अखेरचा आधार मानल्या जाणाऱ्या कोलिस्टिनचा पशुखाद्यातील व जनावरांवरील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला, तो याच धोक्यामुळे.

मग रोगाला सहजासहजी बळी न पडणारी जनावरेच निपजविता येतील काय? नॉर्वेने ते करून दाखविले आहे. तेथे १९७५ पासून प्रत्येक गाईच्या आजाराची व उपचाराची नोंद ठेवली जाऊ लागली आणि १९७८ पासून वळूंची निवड करताना कासदाहाचा विचार होऊ लागला. केवळ अधिक दुधासाठी निवड केली, तर कासदाहाची प्रवणताही वाढत जाते, हे ध्यानात घेतले पाहिजे. हा गुण रक्तातून थोडाच उतरतो. गोठ्याची ओल व दोहणाऱ्याचे हात यांचा प्रभाव अधिक. म्हणून एका गाईवरून काही ठरत नाही. एकाच वळूच्या शेकडो कालवडी तपासल्यावरच त्याची योग्यता कळते.

अक्कलकुवा वा अक्राणी तालुक्यांतील दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबाला हे एकट्याने साधणार नाही. परंतु जनावराच्या कानात आता १२ अंकी बिल्ला असतो. रेतन कोणत्या वळूचे, आजार कोणता, औषध कोणते व किती दिवस, एवढे त्या क्रमांकापुढे नोंदविले गेले, तर गावोगावच्या नोंदी एकत्र करता येतील. हे काम किचकट खरे. पण त्यावाचून वळूची पारख होत नाही. निकृष्ट वळूंचे खच्चीकरण ग्रामपंचायतीला मात्र आजच हाती घेता येईल.